मुहूर्त १२:३७ चा आणि डावीकडचा फ्लॅश : एका लग्नातलं प्रकरण

पार्श्वभूमी

वैशाखातलं लग्न, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका तालुक्याच्या गावचं मंगल कार्यालय. नावं, गाव आणि तारीख मुद्दाम देत नाही. आम्ही मुलीकडचे फोटोग्राफर. मुख्य कॅमेऱ्यावर स्टुडिओचे मालक, त्यांना सगळे दादा म्हणतात. दुसऱ्या कॅमेऱ्यावर मी, आणि लाइटची जबाबदारीही माझीच. स्टँड, सेल, छत्र्या बघायला एकोणीस वर्षांचा एक पोरगा, आमच्याकडे येऊन चार महिने झालेला. व्हिडिओवाले वेगळे होते, त्यांच्यातच एक ड्रोनवाला. मुलाकडच्यांनी त्यांचा फोटोग्राफर स्वतंत्र आणला होता. आपल्याकडे हे नेहमीचंच असतं, त्यामुळे त्यात विचार करण्यासारखं काही आहे असं त्या सकाळी कुणालाच वाटलं नाही. हे प्रकरण लिहायचं कारण तेच आहे.

कार्यालयाचं छप्पर पत्र्याचं, जमिनीपासून बावीस-तेवीस फुटांवर, आणि त्याखाली लाल-पिवळ्या कापडाच्या झालरी. अशा ठिकाणी कॅमेऱ्यावरचा फ्लॅश छताकडे वळवून उपयोग होत नाही. उजेड वर जाऊन खाली येईपर्यंत विरून जातो, आणि जो येतो तो कापडाचा लाल रंग घेऊन येतो. फ्लॅश सरळ तोंडावर मारला तर चेहरे सपाट दिसतात, शालूची जर मरते, मागचे पाहुणे काळोखात जातात. म्हणून दादांची पद्धत ठरलेली : स्टेजच्या दोन्ही कोपऱ्यांना, साधारण पंचेचाळीस अंशात, स्टँडवर एकेक फ्लॅश लावायचा, त्यावर पांढरी छत्री, आणि दोन्ही फ्लॅश कॅमेऱ्यावर बसवलेल्या रेडिओ ट्रिगरने, म्हणजे बिनवायरी हुकूम देणाऱ्या यंत्राने, पाडायचे. बाजूने आलेल्या उजेडात मुंडावळ्यांची मोत्यांची सर उठून दिसते, हारातली फुलं सुटी सुटी दिसतात, आणि हवेतल्या अक्षता जागच्या जागी गोठतात.

ट्रिगरला फ्लॅश वेगवेगळे ओळखता यावेत म्हणून त्यांना ग्रुप देतात : डावीकडचा फ्लॅश ग्रुप ए, उजवीकडचा ग्रुप बी. दोन्ही १/१६ ताकदीवर. कॅमेरा १/१६० शटर, एफ ४, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ८००. दादांच्या कॅमेऱ्याची सिंकची मर्यादा, म्हणजे फ्लॅशबरोबर चालणारं सगळ्यात वेगवान शटर, १/२५०, म्हणजे शटरच्या पडद्याची काळी पट्टी फोटोत येण्याचा प्रश्नच नव्हता. नवरी आमच्या बाजूने बघताना उजवीकडे उभी राहणार होती, तोंड डावीकडे. तिच्या चेहऱ्यावरचा, आणि तिच्या मागे उभ्या राहणाऱ्या मामांच्या चेहऱ्यावरचा सगळा उजेड त्या डाव्या फ्लॅशचा.

सकाळी साडेनऊला रिकाम्या हॉलमध्ये चाचणी घेतली. अगदी मागच्या दारातून, पाऊणशे-ऐंशी फुटांवरून चाळीसेक फ्रेम मारल्या. एकही चुकली नाही. मी पोराला म्हटलं, "झालं आपलं, चहा घे."

अडचण

साडेदहाला वऱ्हाड आलं. अकराच्या सुमाराला नवरीचा प्रवेश झाला, आणि तिथे पहिली फ्रेम अर्धी काळी आली. उजवा फ्लॅश पडला होता, डावा नाही. पुढच्या तीन बरोबर, मग पुन्हा एक अर्धी. दादांनी माझ्याकडे बघितलं, मी पोराकडे.

पुढच्या तासाभरात चित्र असं होतं : दहातल्या दोन-तीन फ्रेममध्ये डावा फ्लॅश गायब. काहींत पडलेला, पण अर्धामुर्धा, चेहऱ्यावर जेमतेम पोचलेला. उजवा मात्र एकदाही चुकला नाही. म्हणून आमचं मत तिथेच तयार झालं, की डावा फ्लॅश बिघडलाय.

मी सेल बदलले. आम्ही चार्ज होणारे १.२ व्होल्टचे निकेल मेटल हायड्राइड सेल वापरतो, एका फ्लॅशला चार. काढलेले सेल हाताला कढत लागले. १/१६ ताकदीवर चालणाऱ्या फ्लॅशचे सेल इतके तापत नाहीत. ही खूण माझ्या हातात, शब्दशः हातात होती, आणि मी ती खिशात टाकली. उन्हाळा आहे, हॉलमध्ये उकाडा आहे, असं मनाशी म्हटलं.

पोरगा डाव्या स्टँडशेजारी उभा होता. पावणेबाराच्या सुमाराला तो माझ्याजवळ येऊन म्हणाला, "काका, ह्यो आपोआप बी पडतोय. दादा तिकडं पाणी पीत हुते तवा बी पडला."

मी त्याला म्हणालो, "बाजूच्या कुणाचा तरी फ्लॅश दिसला असेल तुला. तू स्टँड धर."

सगळ्या प्रकरणातली सगळ्यात महाग चूक ही. त्याने जे बघितलं होतं तेच उत्तर होतं.

आम्ही कुणावर संशय घेतला

सेल बदलूनही फरक पडेना तेव्हा मी ट्रिगरचा हॉट-शू, म्हणजे तो कॅमेऱ्यावर बसतो तो सांधा, तपासला. घामाने तिथल्या पितळी टिपक्यांवर थर बसतो आणि संपर्क तुटक होतो, हे मी अनेकदा पाहिलंय. खोडरबराने घासून पुसलं. पण थांबून विचार केला असता तर कळलं असतं की दोष तिथला असता तर दोन्ही फ्लॅश एकदमच चुकले असते. ट्रिगर एक, हुकूम एक, तर फक्त डावाच का चुकावा?

मग संशय गेला ड्रोनवर. आमचे ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. भारतात २.४ ते २.४८३५ हा पट्टा परवान्याविना वापरायला मोकळा आहे, म्हणून सगळ्यांची गर्दी तिथेच : वाय-फाय, ब्लूटूथ, कित्येक ड्रोनचे रिमोट, बिनवायरी कॉलर माइक. सहाशे पाहुण्यांच्या खिशात सहाशे फोन. त्यामुळे संशय अगदीच निराधार नव्हता. मी जाऊन ड्रोनवाल्याला ड्रोन उतरवायला सांगितलं, आणि जरा चढ्या आवाजात सांगितलं. त्याने मुकाट्याने उतरवला. फ्लॅश तसाच चुकत राहिला. नंतर मी त्याची माफी मागितली, पण त्याचे वरातीचे वरून घ्यायचे शॉट तोवर हुकले होते.

तशा गर्दीच्या हवेत संदेश अधूनमधून हरवतो हे खरं. पण तो हरवला तर फ्लॅश पडत नाही, एवढंच होतं. आपोआप पडत नाही, सेल तापत नाहीत, उजेड अर्धामुर्धा येत नाही. आमच्यासमोर तीन वेगवेगळ्या खुणा होत्या आणि आम्ही त्यातली एकच, न पडण्याची, धरून बसलो होतो.

बारा वीस : पर्याय

मुहूर्ताला सतरा मिनिटं उरली होती. भटजी अंतरपाट झटकून बघत होते, करवल्या अक्षता वाटत होत्या, पाहुणे खुर्च्या सोडून स्टेजच्या पायरीपर्यंत आले होते. स्टेजच्या मागे, फुलांच्या चौकटीच्या आडोशाला मी आणि दादा दोन मिनिटं बोललो. हातात काय काय होतं ते सांगतो.

एक, आहे तसंच रेटायचं. दहातल्या सात फ्रेम बऱ्या येत होत्या. हारांच्या वेळी दहा मारल्या तर सात मिळतील, असा दादांचा हिशेब. हा हिशेब का चुकला ते पुढे येईल.

दोन, चॅनल, म्हणजे ट्रिगर आणि फ्लॅश ज्या वाटेवर एकमेकांशी बोलतात ती, बदलायचा. ट्रिगर आणि दोन्ही फ्लॅशवर तोच आकडा लावावा लागतो. उजवा स्टँड त्या घडीला मुलाकडच्या बायकांच्या घोळक्यात अडकला होता. शिवाय तेव्हा आमची समजूत दोष फ्लॅशचा आहे अशी, मग चॅनल कशाला बदला? पर्याय बोलण्यात आला आणि गेला.

तीन, रेडिओ सोडून स्लेव्ह मोड लावायचा, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशचा उजेड दिसला की आपला पडतो. आमच्या जुन्या पिढीने मोठमोठी लग्नं अशीच काढली. पण त्या हॉलमध्ये चार-पाच कॅमेरे चमकत होते. साध्या स्लेव्हला कुणाचाही उजेड चालतो, आणि आजकालचे ऑटो फ्लॅश मुख्य उजेडाआधी मापासाठी एक बारीक चमक सोडतात, तिलाच तो पडून मोकळा होतो. ती पहिली चमक सोडून दुसरीला पडायची सोयही फ्लॅशमध्ये असते, पण दोन वेगळे कॅमेरे एकदम चमकले तर तिचाही गोंधळ उडतो. हा पर्याय नाकारला, आणि ते बरोबर होतं.

चार, वायर. बॅगेत पाच मीटरची सिंक केबल होती. वायरीला हवेतलं काही बाधत नाही. पण अक्षता टाकायला पुढे सरसावणारी माणसं, त्यांच्यात लहान मुलं, आणि त्यांच्या पायांतून गेलेली वायर. कुणी अडकून पडलं असतं तर स्टँड थेट नवरीच्या अंगावर. नाकारला.

पाच, डावा-उजवा विसरून फ्लॅश कॅमेऱ्यावर घ्यायचा. फोटो सपाट येतील, पण येतील. मी हा धरून बसलो. दादांना तो नको होता. "एवढे स्टँड लावून अंतरपाटाला समोरून फ्लॅश मारायचा?" त्यांचं दुखणं मला कळत होतं. पंचवीस वर्षं माणूस एका विशिष्ट उजेडासाठी झटतोय, आणि ज्या क्षणासाठी झटतोय तिथेच तो सोडायचा.

सहावा पर्याय आमच्या डोक्यातच आला नाही. डाव्या फ्लॅशला ग्रुप बी करायचं आणि उजव्याला ए. वीस सेकंदांचं काम. दोष डावीकडेच राहिला तर फ्लॅश खराब. दोष उजवीकडे सरकला तर फ्लॅश ठणठणीत, आणि घोळ ग्रुप ए च्या हुकमात. या एका अदलाबदलीने सगळं उघड झालं असतं.

मुहूर्त

शेवटी तडजोड झाली. दादा ट्रिगरवरच राहिले, मी माझ्या कॅमेऱ्यावर तिसरा फ्लॅश चढवला, आयएसओ २००० वर नेला म्हणजे हॉलचे दिवे थोडे तरी पकडले जातील, आणि स्टेजच्या दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो.

शेवटचं मंगलाष्टक संपलं, "शुभमंगल सावधान" झालं, अंतरपाट खाली आला. अक्षतांचा पाऊस, बँड, टाळ्या. ते चार-पाच सेकंद.

दादांच्या सात फ्रेम आहेत. सातही मी नंतर कितीतरी वेळा पाहिल्या. उजवा फ्लॅश सातही वेळा पडलाय. डावा दोनदा. आणि नेमकी तिसरी, जिच्यात अंतरपाट अर्धा उतरलाय, कुंकवाचं स्वस्तिक दुमडून निम्मं दिसतंय, नवरदेव हसतोय आणि नवरीने पहिल्यांदा नजर वर केलीय, तिच्यात नवरीचा चेहरा अंधारात आहे. नवरदेवाकडच्या बाजूला अक्षतांचा दाणा न् दाणा लखलखीत, हवेत थांबलेला. नवरीकडच्या बाजूला त्याच अक्षतांच्या पिवळट रेघा, कारण तिथे उजेड फक्त हॉलच्या दिव्यांचा आणि १/१६० सेकंदात दाणा तेवढा सरकतो. एकाच फोटोत मधोमध सीमा आखल्यासारखं दिसतं. मागे मामा उभे आहेत हे त्यांच्या फेट्याच्या कडेवरून कळतं. चेहरा नाही.

माझ्या कॅमेऱ्यात त्याच क्षणाच्या चार फ्रेम आल्या. उजेड सपाट, मागे मोठ्या सावल्या, कोन जरा वाकडा. पण दोघांचे चेहरे स्वच्छ.

जेवणाच्या वेळी

पंगती बसल्या तेव्हा मुलाकडचा फोटोग्राफर हात धुऊन माझ्या शेजारी येऊन बसला. वयाने लहान, नम्र मुलगा. तो आपणहून म्हणाला, "काका, आज माझ्या फोटोत मधनंच एका बाजूनं पांढरं का पडतंय कळंना. लाइट तर एकच लावलाय मी."

मी त्याचा ट्रिगर मागून घेतला. आमच्याच कंपनीचा. चॅनल १, ग्रुप ए, आयडी (फ्लॅशने आपल्याच ट्रिगरचं ऐकावं म्हणून लावायचा खुणेचा आकडा) बंद. आमचाही चॅनल १, आयडी बंद. डबा उघडल्यावर जसा आला होता तसाच दोघांनी वापरला होता.

जेवण टाकून दोघं हॉलमध्ये गेलो. त्याने बटण दाबलं. आमचा डावा फ्लॅश पडला, आणि असा पडला की रिकाम्या स्टेजवर वीज चमकल्यासारखं झालं. पोरगा शेजारी उभा होता. तो काही बोलला नाही. मीच त्याला म्हणालो, "तू सकाळीच सांगितलं होतंस."

आता सगळे धागे जुळले. या जातीच्या ट्रिगरकडून फ्लॅशला फक्त "पड" एवढाच हुकूम जात नाही, ग्रुपने किती ताकदीने पडायचं तेही त्यातच जातं. त्या मुलाचा एकुलता लाइट स्टेजपासून लांब होता, म्हणून त्याने ग्रुप ए पूर्ण ताकदीवर ठेवला होता. तो बटण दाबेल तेव्हा आमचा डावा फ्लॅश, आम्ही १/१६ वर लावलेला, पूर्ण ताकदीने उडत होता. पूर्ण ताकदीनंतर चार सेलवरच्या फ्लॅशला पुन्हा भरायला अडीच-तीन सेकंद लागतात. तेवढ्यात दादांनी बटण दाबलं तर फ्लॅश एकतर गप्प, नाहीतर जेवढा भरलाय तेवढ्यावर अर्धामुर्धा. सतत पूर्ण ताकदीने उडाला म्हणून सेल कढत. त्याने ग्रुप बी वापरलाच नव्हता म्हणून आमचा उजवा फ्लॅश सुरक्षित. आणि आम्ही साडेनऊला चाचणी घेतली तेव्हा हा मुलगा वऱ्हाडाच्या गाडीत होता.

दादांचा दहातल्या सातचा हिशेब का चुकला तेही इथेच कळतं. एरवी दोन फोटोग्राफर वेगवेगळ्या वेळी बटण दाबतात. तो आजीचा फोटो काढतोय तेव्हा आम्ही कलवऱ्यांचा. पण अंतरपाट खाली येतो तेव्हा दोघांची बोटं एकाच क्षणी, एकामागून एक दाबत असतात. म्हणजे हा दोष कामाच्या महत्त्वाबरोबर वाढत जातो. रिकाम्या हॉलमध्ये शून्य, फुटकळ फोटोंत थोडा, आणि मुहूर्ताला सर्वांत जास्त. सकाळच्या यशस्वी चाचणीवर मी जो विश्वास टाकला, तो या दोषाच्या बाबतीत टाकण्यासारखाच नव्हता.

आम्ही चॅनल १७ वर गेलो, आयडीला एक आकडा दिला. त्याने त्याचा १ ठेवला. पुन्हा बटण दाबलं. शांत.

निकाल

दुपारी सप्तपदी आणि मग स्टेजवरचे आहेर-आशीर्वादाचे फोटो. तीनशेच्या वर फ्रेम झाल्या, त्यांत डावा फ्लॅश सहा वेळा चुकला. म्हणजे मुख्य कारण सापडलं होतं, पण एकच कारण नव्हतं.

त्या सहा फ्रेम मी दुसऱ्या दिवशी बसून वेळेनुसार लावल्या आणि व्हिडिओवाल्यांच्या चित्रणाशी ताडून पाहिल्या. ज्यांत दादा आणि स्टँड यांच्या मध्ये माणसांची भिंत होती, अशा तीन निघाल्या. माणसाच्या शरीरात पाणी भरपूर, आणि २.४ गिगाहर्ट्झच्या लहरी पाण्यात चांगल्याच शोषल्या जातात. लहरीची लांबी जेमतेम साडेबारा सेंटीमीटर, त्यामुळे ती माणसाला वळसा घालूनही नीट जात नाही. शिवाय आमचा डावा स्टँड सहा फूट उंचीवरच होता आणि त्याच्या अर्ध्या अंगाला फुलांच्या चौकटीचा लोखंडी पाइप. डोक्यांच्या वर असता तर हवेतून सरळ वाट मिळाली असती. एक फ्रेम अशी की दादा स्टँडला जवळजवळ टेकून उभे होते. अगदी हातभर अंतरावरही काही ट्रिगर चुकतात, जवळून आलेला संदेश रिसिव्हरला फार जोराचा होतो. आमच्या ट्रिगरमध्ये जवळच्या अंतरासाठी वेगळी सेटिंग आहे, ती मी त्या दिवसापर्यंत उघडून पाहिली नव्हती.

आता घरच्यांचं. दादांनी काही लपवलं नाही. अल्बमच्या बैठकीत मुलीच्या वडिलांना सातही फ्रेम दाखवल्या, काय झालं ते सांगितलं. अंतरपाटाच्या जोडपानावर माझी सपाट उजेडाची फ्रेम गेली. वडील समजूतदार होते. पण मुलीच्या आईने ती तिसरी फ्रेम बराच वेळ धरून ठेवली आणि विचारलं, "दादा, यात माझा भाऊ दिसेल असं काही करता येईल का?" माझ्या कोनातून मामा भटजींच्या आड गेले होते, त्यामुळे भावाचा त्या क्षणाचा चेहरा असला तर तिथेच, त्या अंधारात होता.

फ्रेम रॉमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेला सगळा तपशील राखणाऱ्या फाइलमध्ये होती म्हणून थोडं साधलं. अंधारी बाजू जवळजवळ तीन स्टॉप, म्हणजे आठपट, उचलली. मामांचा चेहरा आला, दाणेदार, रंग मातकट. दादांना ती काळी-पांढरी करायची होती, त्यात दाणे खपून जातात. आईंना रंगीतच हवी होती, कारण फेटा त्यांनी स्वतः निवडला होता. तशीच रंगीत छापून दिली, मोठ्या आकारात, पैसे न घेता. ती चांगली प्रिंट नाही, हे मी इथे स्पष्ट लिहितो. उजेड जिथे पडलाच नाही तिथून तो नंतर आणता येत नाही, फक्त काळोख थोडा विरळ करता येतो.

परत वेळ आली तर

पावणेबाराला पोरगा बोलला तिथे मी थांबायला हवं होतं. स्टँडशेजारी दिवसभर उभा असणाऱ्या माणसालाच फ्लॅश कधी पडतो आणि कधी नाही ते दिसतं. आम्ही कॅमेऱ्याच्या मागे असतो, आम्हाला फक्त आमचं बटण दाबल्यावरचं कळतं. आता आमच्याकडे ठरलेलं आहे : स्टँडवरच्या पोराने काहीही वेगळं पाहिलं की ते ऐकून, मध्ये न बोलता, एक मिनिट कॅमेरे खाली ठेवून बघायचं. आपण दाबत नसताना फ्लॅश पडला तर तो दुसऱ्या कुणाच्या तरी हुकमात आहे. तिथे सेल बदलून काही होत नाही.

पोचल्यावर पहिलं काम समोरच्या बाजूच्या फोटोग्राफरला भेटून चॅनल विचारणं. पूर्वी मला यात थोडा संकोच वाटायचा, एक प्रकारची चढाओढ असायची ना. पण त्या मुलाचाही दिवस आमच्यामुळे बिघडला होता. त्याच्या फोटोंत पांढरं पाडणारा लाइट आमचाच होता, आणि आम्ही बटण दाबलं की त्याचा लाइटही आमच्या १/१६ वर फुकट उडायचा. दोघांचं नुकसान सारखंच. वऱ्हाड उशिरा आलं तर दुसरी चाचणी वऱ्हाड आल्यावर घेतो. ती अशी : आपले कॅमेरे बंद ठेवायचे आणि दोन मिनिटं नुसतं आपल्या फ्लॅशकडे बघत बसायचं.

चॅनल आणि आयडी पांढऱ्या टेपवर लिहून प्रत्येक फ्लॅशच्या पाठीवर चिकटवलेत. गडबडीत एखाद्या फ्लॅशचं बटण दाबलं जाऊन आकडा सरकला तर लगेच दिसतं. स्टँड आता नऊ फूट उंचीवर असतात, खाली वाळूची पिशवी, आणि लोखंडी चौकटीपासून किमान हातभर लांब.

दादा आणि माझ्यात एका गोष्टीवर अजून मतभेद आहे. माझं म्हणणं, कारण कळत नसेल तर मुहूर्ताआधी पंधरा मिनिटं शोध थांबवायचा आणि दोन्ही कॅमेऱ्यांवर खात्रीचा फ्लॅश चढवायचा. त्यांचं म्हणणं, एकाने खात्रीचं धरलं की दुसऱ्याला चांगल्या उजेडासाठी धोका पत्करता येतो, आणि त्या दिवशी तसंच झालं म्हणून अल्बम उभा राहिला. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. पण मामांचा चेहरा दादांच्या जागेवरूनच दिसत होता, आणि खात्रीचा फ्लॅश माझ्या जागेवर होता. त्या दोन जागा कुणी कुठे घ्यायच्या हे आम्ही त्या सतरा मिनिटांत बोललोच नाही.

सहातल्या चार फ्रेमचं कारण वर दिलंय. उरलेल्या दोनांत मध्ये माणूस नव्हता, अंतर बरोबर होतं, सेल ताजे होते, चॅनल मोकळा होता. त्या दोन्ही फ्रेम मी जपून ठेवल्यात.